झाकणाखालचा कोळसा

धाकट्या,

ताटावरच्या झाकणाखाली जेवण नाही, कोळसा आहे. लोहाराने परत केलेल्या पोत्यातला. फोडून बघ, आत लाकूड तसंच आहे. पांढरा धूर येत असतानाच तू आपली कोळशाची भट्टी उघडलीस, कारण साहेबांना पत्ते कुटायला जायचं होतं. आणि लोहाराला काय सांगितलंस? "भट्टी ताईने उघडली!"

वीस वर्षं तुझी ताई धूर ओळखते आहे. आज भर दुकानात लोहार तिला म्हणाला, "बाई, नजर गेली तुमची." तुझ्यापायी ती गप्प बसली. कशाला बसली, देव जाणे!

आता ती चांगली पोती घेऊन पुन्हा त्याच्याकडे निघाली आहे. नवी भट्टी तुझ्यावर सोडली आहे, दुसरं आहेच कोण? धूर निळा होईपर्यंत हात लावायचा नाही. निळा झाला की सगळी भोकं ओल्या मातीने बुजव.

संध्याकाळी ती लोहारालाच सोबत घेऊन येईल. ताई तोंड उघडणार नाही. मागची भट्टी कोणी उघडली, ते तू सांगायचंस, त्याच्या डोळ्यांत बघून.

जेवण फडताळात आहे. पोटभर जेव, बोलायला ताकद लागेल.

— तुझी ताई