बोलायला बंदी

मंगळवार, १४ तारीख, दुपार

धाकटे,

रीत म्हणून आशीर्वाद. घशातली गाठ काढून सहा दिवस झाले. दहा दिवस तोंडातून अक्षर काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. नाहीतर तुला फोनवरच झापली असती.

आज सकाळी मैत्रिणी आल्या होत्या, तिकीट खिडकीवाली आणि चौकशीवाली. मी बोलत नाही म्हणजे मला ऐकूही येत नाही, असा दोघींचा समज झालेला. माझ्या पलंगावर बसून माझ्यासाठी आणलेली द्राक्षं त्यांनीच संपवली. बसस्थानकातल्या सगळ्या बातम्या कळल्या. पार्सलच्या काउंटरवर माझ्या जागी बसवलेला माणूस दुपारभर पेंगतो म्हणे. मी पाटीवर उत्तर लिहीपर्यंत यांचा विषय बदललेला. हसून हसून घसा ठणकला, पण बरं वाटलं.

तेवढ्यात खिडकीवाली बोलून गेली, "काही म्हण, धाकटी सात तास बाकावरून हलली नाही गं. ऑपरेशनच्या कागदावर सहीसुद्धा तिनेच केली." चौकशीवालीने तिला चिमटा काढला. मी दोघींना हातानेच दार दाखवलं.

कुणी बोलावलं होतं तुला? दवाखान्याच्या अर्जात मी 'जवळचं कुणी नाही' असं स्वच्छ लिहिलं होतं. ते खोडून तू 'बहीण' लिहिलंस! न विचारता परस्पर करायची तुझी खोड जुनीच. स्थानकात गाड्यांची घोषणा आपण दोघी पाळीपाळीने करायचो. रेकॉर्डिंगला एकच आवाज हवा म्हटल्यावर तू गुपचूप जाऊन देऊन आलीस. मला टाकलं पार्सलवर, नेमकं भोंग्याखाली. त्या दिवशी दारातच तुला "चालती हो" म्हटलं, त्यानंतर एक शब्द नाही. नऊ वर्षं तुझा आवाज मात्र माझ्या डोक्यावर. 'कृपया'वर अडखळतेस तू, कुणी सांगितलं नसेल तुला.

एक गोष्ट मीही कुणाला सांगितलेली नाही. साहेबांनी आधी मलाच विचारलं होतं. मी तोऱ्यात म्हटलं, आम्ही दोघीही यंत्राला आवाज देणार नाही. तुला विचारलं नव्हतं. घरी आल्यावर सांगितलंही नाही.

म्हणून तुला माफ केलंय असं समजू नकोस. मुळीच केलेलं नाही.

शनिवारी सकाळी दहाला डॉक्टर मला पहिल्यांदा बोलायला लावणार आहेत. आवाज येईलच, असं ते म्हणत नाहीत. मला भीती वाटते. नाही आला, तर माझ्या तोंडून तू ऐकलेलं शेवटचं ते "चालती हो"च राहील. ते मला चालणार नाही.

तेव्हा ये. बाहेरच्या बाकावर बसू नकोस, आत ये. आवाज फुटलाच तर आधी तुला चार शिव्या घालीन, त्या तयारीने ये.

अर्जात लिहिलंस तीच,
तुझी बहीण