एक खण वर सरकलेली नावं

४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आजीचे अ. उ. आ. आणि डोक्यावरून मायेचा हात.

तर सगळ्यात आधी आला तो मीटरवाला. त्याच्या पाठोपाठ वरच्या मजल्यावरचं मांजर. मग एक बाई आली. मला वाटलं माझ्याकडेच आली, म्हणून लगबगीने या या म्हटलं, तर तिला हवा होता शेजारचा दाताचा डॉक्टर. तरी बसवलं तिला. गाल धरून बसली होती बिचारी, तोंड उघडता येईना, त्यामुळे सगळं बोलणं माझ्याच वाट्याला आलं. किती दिवसांनी इतकं बोलले! बघ, एका सकाळी तीन पाहुणे. आणि तुझे बाबा म्हणतात, आईकडे कुणी फिरकत नाही. मीटरवाल्याला चहा विचारला तर म्हणाला, आजी, गेल्या खेपेलाही विचारला होतात, ड्यूटीवर घेत नाही. लक्षात ठेवलंन म्हणजे!

आता मुद्द्यावर येते, नाहीतर म्हणशील नमनालाच घडाभर तेल. हातमोज्यांचा कारखाना बंद झाला आणि आम्ही बायका पाखरांसारख्या उडालो. माझ्या मनाने घेतलंय की एका रविवारी सगळ्यांना घरी बोलवायचं. मार्चमधला दुसरा रविवार धरलाय, दुपारचा चहा. अंगठे शिवणारी अंगठेवाली, अस्तरवाली, गरम लोखंडी पंजावर मोजे चढवणारी इस्त्रीवाली, कातडं कापणारी कापवाली, सगळ्यांना. फोन नंबर कुणाचेच नाहीत, आणि असते तरी माझे कान हे असे. म्हणून पत्रंच धाडायची.

खालच्या टायपिस्टबाई संगणक घेऊन बसल्या आणि मी सांगत गेले. एकेका बाईला तक्त्यातला एकेक खण दिलाय म्हणाल्या. तो कागद त्यांनी तुझ्याकडे पाठवलाय. पाकिटावर नावं-पत्ते छापून तूच तिकडून पोस्टात टाक. आत घालायचा मजकूरही पाठवलाय, सगळ्यांना एकच, वर नुसतं मैत्रिणी असं लिहिलंय.

येतील ना गं? मी उगीच विचारते. येतीलच.

लोभ आहे तो तिथल्या थंडीत पुरवून पुरवून वापर.
तुझी आजी


१२ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न., आणि लांबून मारलेली गच्च मिठी.

फाइल मिळाली. आजी, तू बोललीस आणि टायपिस्टकाकूंनी टाइप केलं, पण थांबायला कुणीच तयार नव्हतं असं दिसतंय. एका खणात अख्खी बाई कोंबली आहे! नाव, घर, गल्ली, गाव, आणि त्याला लागूनच तिचा गुडघा, तिचा जावई आणि कात्रीवरून वहिनीशी धरलेला अबोला. पोस्टमनला इतकं कळून काय करायचंय?

म्हणून मी फॉर्म्युला लावला. त्याला सांगितलं, जिथे स्वल्पविराम दिसेल तिथे काप आणि तुकडे शेजारशेजारच्या खणांत ठेव. कापले त्याने टपाटप. पण तू जिथे दम घेतलास तिथेही काकूंनी स्वल्पविराम दिलाय. त्यामुळे इस्त्रीवाली, तीच ती, उंच, असे तीन तुकडे पडले आणि तिचा पत्ता झाला तीच ती गल्ली, मुक्काम उंच. ऑफिसात एकटीच हसले. शेजारचीने गाणी ऐकायचं कानातलं यंत्र काढून माझ्याकडे पाहिलं आणि परत घातलं. इथे आमचं तेवढंच बोलणं होतं.

मग प्रत्येक खणात डावीकडून किती अक्षरं घ्यायची, उजवीकडून किती, हे सांगणारे वेगळे फॉर्म्युले लावले, फालतू मोकळ्या जागा पुसल्या, आणि रकाने पाकिटाच्या क्रमाने लावून घेतले. आधी नाव, मग घर, मग गल्ली, मग गाव. उरलेल्या गप्पा शेवटच्या रकान्यात टाकल्या आहेत. पुसवल्या नाहीत. दुपारी डबा खाताना त्याच वाचते. कामात दिवसभर हेच करते मी, लोकांची नावं फोडायची आणि सरळ करायची, पण त्यांच्यातल्या कुणाचा गुडघा दुखतो हे मला कधीच कळत नाही. संध्याकाळी खोलीवर येते तेव्हा घरमालकीणबाईंची चिठ्ठी दाराला असते, बाई स्वतः कधी दिसत नाहीत. खिडकीसमोर भिंत आहे. असो.

एक विचारायचं होतं. यादीत पट्टीवाली आहे, बोटांच्या मधल्या पट्ट्या शिवणारी. तिच्यापुढे काकूंनी लिहिलंय की ती गेली, पण लिहा बाई, तिच्याशिवाय कसली यादी. मी तिचं नाव काढलंय गं. गेलेल्या माणसाच्या नावाचं पाकीट त्याच्याच दारात पडलं तर घरच्यांना कसं वाटेल? चाललं ना?

लोभाची उधारी वाढत चालली आहे, वाढू दे.
तुझी भिंगरी


२० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. आणि एक पापी.

मुक्काम उंच वाचून मी इतकी हसले की मांजर पळालं. इस्त्रीवालीला सांगू नकोस, ती भयंकर मानी. तिचा राग म्हणजे तिच्या लोखंडी पंजासारखा, दुसऱ्या दिवशीही कोमट.

तुझं ते डावी-उजवीकडचं मला बरोब्बर समजलं. मी जोडवाली होते ना. डाव्या हातांची चळत एका बाजूला, उजव्यांची दुसऱ्या, आणि मध्ये मी. एकेक उचलायचा, माप बघायचं, जोडी बांधायची. माझ्या उजव्या हाताला पट्टीवाली बसायची. तिचं काढलंस ते बरं केलंस, बाई. ती गेल्याचं मला औषधाच्या दुकानात रांगेत उभी असताना कळलं, तेही दुसऱ्याच दोघी बोलत होत्या त्यातून. गोळ्या घ्यायच्या राहिल्या आणि तशीच घरी आले. तिचा नवरा बस चालवायचा. त्यांना मूलबाळ नाही.

तयारीचं ऐक. कप नवे घेतले, निळ्या काठाचे. दाताच्या डॉक्टरने त्याच्या बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या रविवारपुरत्या देतो म्हणून कबूल केलंय. बिस्किटं आणून ठेवली तर आत्ताच संपतील, म्हणून आणलेली नाहीत. चहाचा अंदाज यावा म्हणून काल मोठ्या पातेल्यात सगळ्यांपुरता करून पाहिला. मग एकटीने किती पिणार? ओतून दिला. त्याचं वाईट वाटलं थोडं.

तुझ्या बाबांचा फोन आला होता. अर्धं ऐकू आलं. त्या अर्ध्यात असं होतं की फार आस लावून बसू नकोस, माणसं आपापल्या जागी गुंतलेली असतात. उरलेल्या अर्ध्यात काहीतरी बरं असेल असं मी धरून चालले आहे. पण भिंगरे, तुला म्हणून सांगते, त्या रविवारी दारावर एक तरी टकटक व्हायला हवी. नाही झाली तर मी पुन्हा कुणाला बोलावायची नाही. एवढी हिंमत एकदाच होते.

माया पोस्टाच्या वजनात बसेल तेवढी पाठवली आहे.
आजी


३ मार्च

ती. आजीस,
सा. न. आज पायांवर डोकं ठेवून.

फोन केला असता, पण तुला अर्धं ऐकू येतं आणि हे अर्धं ऐकण्यासारखं नाही. माझ्याकडून घोटाळा झालाय. पाकिटं गेली, पण चुकीची गेली.

तुझ्याच भाषेत सांगते. नावांची एक चळत होती आणि पत्त्यांची दुसरी. सगळं फोडून झाल्यावर मी फॉर्म्युले काढून नुसती उत्तरं ठेवली होती, म्हणजे काही हलणार नाही. मग पट्टीवालीचं नाव काढलं. पूर्ण ओळ काढायला हवी होती, मी नुसता नावाचा खण काढला. त्याबरोबर खालची सगळी नावं एकेक खण वर सरकली. पत्ते मात्र होते तिथेच राहिले. म्हणजे डाव्या चळतीतून एक मोजा उचलला आणि पुढच्या सगळ्या जोड्या चुकल्या.

अंगठेवाली यादीत वर होती, तिचं तेवढं बरोबर गेलंय. अस्तरवालीचं पाकीट पट्टीवालीच्या घरी गेलंय. इस्त्रीवालीचं अस्तरवालीकडे. कापवालीचं इस्त्रीवालीकडे. आणि कापवालीच्या पत्त्यासमोर नावच उरलं नाही, म्हणून तिच्या घरी काहीच गेलं नाही. ज्या दारात काही पडू नये म्हणून हे केलं, नेमकं त्याच दारात पडलं.

काल फाइल उघडली ती शेवटचा रकाना वाचायला. अस्तरवालीचे डोळे अधू आहेत ते वाचत होते आणि त्याच ओळीत नाव दिसलं इस्त्रीवालीचं. तेव्हा कळलं. लोकांच्या फायली दिवसभर तपासते, आणि घरच्या कामात असं. नवीन पाकिटं आजच टाकली आहेत, पण रविवारच्या आत पोचतील असं वाटत नाही. यायचंही बघितलं. साहेबांनी नाही म्हणायच्या आधीच मान हलवली.

रागाव मला. कप तसेच राहू देत, मी सुट्टीत आले की आपण दोघी त्यातूनच पिऊ.

लोभ मागायला आज तोंड नाही, तरी असू दे.
भिंगरी


१० मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ., अ. उ. आ. आणि पुन्हा अ. उ. आ.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. खोटं कशाला सांगू, वाचून पदराने डोळे पुसले आणि डॉक्टरच्या खुर्च्या परत करायला निघाले. त्याचं दार बंद होतं. म्हणून खुर्च्या राहिल्या, नाहीतर तुझ्या आजीने तेव्हाच हात टेकले होते. तुझ्यावर रागावले नाही. राग यायला माणूस समोर लागतं.

काल दुपारी कप मांडले. म्हटलं अंगठेवालीचं तरी बरोबर गेलंय, ती येईल. ती आली नाही. अजूनही आली नाही. ज्या एकीला रीतसर आमंत्रण गेलं तीच नाही! चहा एकदा उकळून गार झाला. रिकाम्या खुर्च्या इतक्या जवळून मी कधी पाहिल्या नव्हत्या. डॉक्टरकडे त्यांत दुखणाईत बसतात, तशी त्यांतल्या एकीत मीच जाऊन बसले.

मग टकटक झाली. दारात पट्टीवालीचे यजमान, ते बसचे ड्रायव्हर. दाढी केलेली, शर्टाची वरची गुंडीही लावलेली, हातात पाकीट. उंबऱ्यावरूनच म्हणाले की हे माझं नाही हे मला ठाऊक आहे, नाव अस्तरवालीचं आहे, पण पत्ता माझा होता म्हणून उघडलं. परत द्यायला आलोय. ती गेल्यापासून बिलांखेरीज त्या दारात काही पडलं नव्हतं म्हणे. मैत्रिणी असा मायना वाचून ते बराच वेळ तिथेच चपला घालून उभे राहिले. मी आत या म्हटलं तर म्हणाले, हा बायकांचा चहा आहे. मी म्हटलं, बायका कुठे दिसताहेत तुम्हाला? तेव्हा हसले आणि बसले.

पहिला कप संपतो न संपतो तोच दार धडधडलं. इस्त्रीवाली! पाहुणी कसली, भांडायला आली होती. माझ्या नाकासमोर पाकीट नाचवत विचारलंन की एवढ्या वर्षांनी हिला आठवली कोण, तर कापवाली, आणि तेही माझ्या पत्त्यावर? मी काय आता कापवालीची पोस्टमन? मी तुझी सगळी हकीकत सांगितली, नावं वर सरकली, पत्ते खाली राहिले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, नातीवर ढकलू नकोस. मग बिस्किट उचललंन. तेव्हा मी समजले, ही आता बसणार.

ड्रायव्हरांनी रिकामा कप खाली ठेवला. मग हळूच विचारलंनी, ती कामावर कशी होती? म्हणाले, ती सकाळी निघायची तेव्हा मी बसवर, मी परतायचो तेव्हा ती दमलेली. कारखान्यातली ती मला माहीतच नाही. भिंगरे, मग आम्ही दोघी जे सुटलो! पट्टीवाली सुपरवायझरच्या चालीची नक्कल करायची ते इस्त्रीवालीने उठून, गुडघा धरून, करून दाखवलं. एकदा तो मागे उभा होता तरी ती करत राहिली होती, आणि शेवटी तोच हसला होता. ती दर शनिवारी एक पट्टी मुद्दाम उलटी शिवायची, मला जोडी लावताना सापडते का ते बघायला. सापडली की टाळी. ड्रायव्हर हसले आणि तोंडावर रुमाल धरला तो बराच वेळ काढलाच नाही. आम्ही दोघी बिस्किटांकडे बघत बसलो.

निघताना ते पाकीट मला देईनात. म्हणाले, नाव जिचं आहे तिला मीच नेऊन देतो, अस्तरवालीचे डोळे अधू आहेत तर वाचून दाखवतो आणि हात धरून घेऊन येतो. इस्त्रीवाली म्हणाली, मग मीही कापवालीला ओढून आणते, पण पोस्टमन म्हणून नाही हं, माझ्या मर्जीने.

ते गेल्यावर घर पुन्हा होतं तसं झालं. कप विसळले. एक कप जास्त वेळ विसळत राहिले, का कोण जाणे. खुर्च्या सकाळी डॉक्टरला परत करायला गेले तर तो म्हणाला, असू देत अजून. तुझी आठवण आली. तुझ्या खिडकीसमोर भिंत आहे ना, तिच्याकडे पाठ करून बसत जा आणि त्या कानातल्या यंत्रवालीला एकदा चहा विचार. नाही म्हणाली तरी पुन्हा विचार. विचारणाऱ्याला माणसं लक्षात ठेवतात.

माया आहे, ती तुझ्या पत्त्यावर, तुझ्याच नावाने.
आजी

ता. क. ड्रायव्हर आणि इस्त्रीवाली त्या दोघींना घेऊन गुरुवारी येतो म्हणालेत, चारच्या सुमारास.