दमलेला जिताडा

ती. आईस,
पाया पडतो. मी ठणठणीत आहे. आमची बोट किनारा सोडून लांब जात नाही, तेव्हा उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. तुझा गुडघा काय म्हणतोय?

इथे हौशी लोक भाड्याने बोट घेतात, गळाने जिताडा पकडतात, फोटो काढतात आणि परत सोडतात. मार कपाळावर हात! सोडण्याआधी माशाला तरतरी येईपर्यंत पाण्यात हलकेच धरायचं, हे माझं काम. आज एक जिताडा हलेचना. मालक खेकसला, "सोड की लवकर!" मी म्हटलं, "थकलाय बिचारा, जरा दम खाऊ दे."

बाबा कामावरून आले की तू आम्हाला हेच म्हणायचीस. इथे आल्यापासून हे वाक्य आज पहिल्यांदा ऐकलं, तेही माझ्याच तोंडून.

तुझा,
धाकटा