मामंजींचा आणि श्रीकरचा वाद

आई, तुझ्या हरिताचा तंजावूरहून नमस्कार.

मी बरी आहे, दोन्ही वेळा जेवते. बाबांना आजारी सोडून तुला येता आलं नाही, याचं मनाला लावून घेऊ नकोस. ते आता चालतात का?

मामंजींचा आणि श्रीकरचा रोजचा वाद तू ऐकला आहेस. मामंजी म्हणायचे, "विश्व आहे, म्हणजे ते करणारा देव आहेच." कॉलेजात फिजिक्स शिकवणारा श्रीकर हसून विचारायचा, "मग देवाला कुणी केलं, अप्पा?"

आमचं बाळ गेल्यापासून मामंजींनी पूजा सोडली आहे. काल श्रीकरनेच फुलं आणून त्यांच्यापुढे ठेवली. म्हणाला, "अप्पा, तुमचंच खरं. एवढं विश्व आपोआप कसं होईल?"

मामंजी म्हणाले, "मग विचार त्याला, सहाच दिवसांसाठी पोर कशाला दिलं?"

श्रीकर त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच रडला, आई.

मामंजी त्याच्या केसांतून हात फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "तू आपला पहिल्यासारखा 'देव नाही' म्हण रे. म्हणजे मला 'आहे' म्हणता येईल."

तुझी,
हरिता