वहीत न लिहिलेल्या घोड्या

आबा,

आधी तक्रार. लगाम अडकवायला तुम्ही गोठ्याच्या दाराशी जो लोखंडी आकडा ठोकून ठेवलात, त्याने काल माझा आणखी एक सदरा फाडला. आकडा तुमच्या खांद्याच्या उंचीवर आहे, म्हणजे बरोबर माझ्या दंडावर येतो. तुमच्या मागे भिंतीला दोनदा गिलावा झाला, गवंड्याने दोन्ही वेळा विचारलं, आणि मी दोन्ही वेळा म्हणालो, "राहू द्या." श्राद्धाला पितरांना वस्त्र द्यावं असं सांगितलंय. तुम्ही ते वर्षभर थोडंथोडं करून थेट माझ्या अंगावरूनच घेता.

त्या आकड्याला आता घोडीचा लगाम असतो. पूर्वी त्या घोड्याचा असायचा. तो आला तो दिवस मला लख्ख आठवतो. शिरडच्या रस्त्याने ट्रक आला, फळी टाकली, आणि पुण्याकडच्या रेसच्या मैदानावर पाय अधू झालेला तो उंच, तांबूस, अस्सल थरोब्रेड घोडा लंगडत आपल्या मातीत उतरला. पाटलांनी हौसेनं आणला होता. एकदा बसले, तुरीच्या शेतात पडले, आणि महिन्याभरात दावं तुमच्या हातात देऊन मोकळे झाले. त्याच्याबरोबर एक छापील कागद आला होता, त्यावर त्याचा बाप, आई, आजे, पणजे, सगळे इंग्रजीत. तुम्हाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी तो कागद तुम्ही देवघरात ठेवलात. आई म्हणाली, "आपल्या आज्याचं नाव तर कुठं लिव्हलेलं न्हाई, आन् घोड्याच्या पणज्याला हळदकुंकू!"

मग त्याच्याकडे फळवायला घोड्या यायला लागल्या. तांड्यावरून, सिद्धेश्वरच्या धरणाकडून, पार औंढ्याच्या पलीकडून. तुम्ही कोणाकडून काही घेतलं नाही. अट एकच होती: शिंगरू वर्षाचं झालं की त्याला एकदा बापाला दाखवायला आणायचं. दगडी भिंतीच्या अलीकडे शिंगरू, पलीकडे तो. तो मान लांब करून हुंगायचा, फुरफुरायचा, मग तुम्ही शिंगराला गुळाचा खडा द्यायचे आणि मागून त्याची चाल बघायचे. "धरणावरल्या मासेवाल्याच्या घोडीचं हाय," तुम्ही म्हणायचे. धनी काही बोलायच्या आधीच. एकदाही चुकला नाहीत.

तुम्हाला वाटलं, त्याचा जसा कागद आहे तसा त्याच्या लेकरांचाही असावा. मी तेव्हा औंढ्याच्या पाठशाळेतून सुट्टीला आलेलो, डोकं शब्दरूपांनी आणि गर्वाने भरलेलं. "तू लिव्ह," म्हणालात. मी लिहिलं, संस्कृतात. ललाटी चंद्र. मेघासारखी चाल. शंखासारखी मान. तुम्ही येणाऱ्या प्रत्येकाला ती वही माझ्याकडून वाचून घेऊन ऐकवलीत. तांड्यावरचे नाईक हात जोडून ऐकत उभे राहिले, त्यांना वाटलं मी घोड्याची आरती म्हणतोय.

आणि मग एका दुपारी तुम्ही अडकित्ता बाजूला ठेवून विचारलंत, "समदं ब्येस हाय. पण पोरा, यात माय कोन ते कुठं हाय?"

मी म्हणालो, "आबा, लक्षणं महत्त्वाची. ग्रंथात तसंच असतं."

"लक्षणाला काय चाटायचं? बाप तर समद्यांचा एकच हाय. माय न्हाई लिव्हली तर उद्या भावाभयनीला जोडशीन."

मी तीन दिवस तुमच्याशी बोललो नाही. तुम्ही पुन्हा म्हणालात, नवी वही कर, मी सांगतो तू लिव्ह. मी म्हणालो, दिवाळीच्या सुट्टीत करू. कितीतरी दिवाळ्या गेल्या. मग मी औंढ्याच्या शाळेत संस्कृत शिकवायला लागलो, आणि एका दिवाळीला सुट्टी होती, वही होती, तुम्ही नव्हता. घोडाही त्याच हिवाळ्यात गेला.

लेकरांनी मात्र नाव काढलं. एका काळ्या शिंगराला नाईकांनी जत्रेतून विकत घेतलं, ते तीन वर्षं शर्यतीत कोणाला पुढे जाऊ देईना. कपाळावर चंद्राचा टिकला असलेली एक तांबडी घोडी बँडवाल्याकडे वरातीला गेली. तिला हळू चालणं कधी जमलंच नाही. एका नवरदेवाला घेऊन ती मांडवापुढून निघून गेली आणि थेट औंढ्याच्या रस्त्याला लागली, मागून बँड पळतोय आणि बाशिंग सांभाळत नवरदेव ओरडतोय, "आवो, इकडं न्हाई, इकडं न्हाई!" बँडवाल्याने दुसऱ्या दिवशी ती तुमच्या दाराशी आणून बांधली. आज माझ्याकडे आहे ती तिचीच लेक.

गेल्या वर्षी नाईकांचा नातू आला. नातू म्हणजे आता स्वतःच आजा व्हायला आलेला, माझ्याच वयाचा. सोबत एक काळा पैदाशीचा घोडा, त्या शर्यतीच्या काळ्याचा लेक. म्हणाला, "गुरुजी, तुमची घोडी आन् माझा घोडा, दोघंबी त्याचीच नातवंडं. जोडी लावू म्हणून राहिलो. पण आबा म्हणायचे, आजा एक आसला तर चालंल, आजीबी तीच निघाली तर जोडायचं न्हाई. आमच्या आज्यानं जत्रेतून घेतलं, माय कोन ते आमाला ठाव न्हाई. तुमच्याकडं आबाची वही हाय ना? तेवढं बघून सांगा."

मी आत गेलो. वही उघडली. काळ्याच्या पानावर लिहिलं होतं: ललाटी चंद्र, मेघासारखी चाल. तांबडीच्या पानावर: ललाटी चंद्र, मेघासारखी चाल. दोन शिंगरांना एकच उपमा. पंधरा वर्षांच्या पंडिताला दुसरी सुचली नव्हती.

मी बाहेर आलो. तो तसाच उभा होता, हात जोडून, त्याचा आजा उभा राहायचा तसा. मी म्हणालो, "आजी वेगळी आहे. बिनघोर राहा."

"आबाच्या वहीत हाय म्हटल्यावर बराबरच आसंल," तो म्हणाला आणि घोड्याच्या मानेवर थाप मारली.

आता अकरा महिने भरत आलेत. आज सकाळी घोडीच्या सडांवर मेणासारखे थेंब दिसले. तुम्ही म्हणायचे, मेण आलं की आज नाही तर उद्या. नाईकांच्या नातवाचा सकाळपासून दोनदा फोन झाला. शिंगरू वर्षाचं झालं की त्याला इथं दाखवायला आणायचं, असं त्याने आत्ताच ठरवून टाकलंय. भिंतीपलीकडे कोणी नाही हे त्याला ठाऊक आहे. "तुमी बघा ना गुरुजी," म्हणाला, "मागून चाल बघून सांगा, आबावानी."

हे पत्र मी त्या वहीतच ठेवणार आहे, काळ्या आणि तांबडीच्या पानांच्या मधे. पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी तुम्ही दुसऱ्याकडून वाचून घेतलं असतंत, ते मला चाललं नसतं.

सदऱ्याचं काही नाही, आबा. वहीत काही नव्हतं आणि मी आहे म्हणून सांगितलं. शिंगरू पायांवर उभं राहील ना, एवढ्याचीच मला भीती वाटते.