नाकावरचा चट्टा आणि तीस चौकोन

३ मार्च
नाकाच्या डाव्या बाजूचा चट्टा कॅन्सरचा निघाला. वरवरचा, सावकाश वाढणारा. सव्वीस वर्षं लोकांना ड्रायव्हिंग शिकवताना खिडकीतून खाल्लेलं ऊन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कापून काढणं जास्त खात्रीचं, पण मलमानेही जाऊ शकेल. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे, न चुकता लावलं तर. मी मलम म्हटलं. त्यांचं वाक्य अजून संपायचं होतं.
हे भीतीपोटी नाही. ऑपरेशनला वेळ नाही, एवढंच.

४ मार्च
मलमाची तीस पाकिटं आणली. रोज एक. कपाटाला तीस चौकोनांचा तक्ता चिकटवला. शिस्त माझ्या रक्तातच आहे. ही म्हणाली, मी लावून देत जाऊ का? म्हटलं, माझं नाक मला सापडतं.

११ मार्च
सहा चौकोन. नाकाला काहीही झालेलं नाही. कातडी मुळातच दणकट.

१९ मार्च
नाक लालभडक. वर खपली, खाली आग. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, असं होणारच. औषध लागू पडतंय म्हणून समजा, मला विचारल्याशिवाय थांबवू नका. पण आज शिकायला आलेल्या बाई आरशात मागची गाडी बघायची सोडून माझं नाक बघत होत्या. चाक दुभाजकावर चढलं.
रस्ता सुरक्षेचा विचार करून मलम दोन दिवस बंद. डॉक्टरीणबाईंना एवढ्यासाठी कुठे फोन करायचा?

२४ मार्च
दोनाचे पाच झाले. नाक छान दिसतंय. चौकोन भरत गेलो. रिकामे वाईट दिसतात.

२ एप्रिल
लेकीने फोनवर विचारलं, नियमित लावताय ना? तक्त्याचा फोटो पाठवला. शाब्बास बाबा म्हणाली. आज जेवण गेलं नाही. उकाडा फार.

१४ एप्रिल
कोर्स पूर्ण. तीसपैकी तीस. प्रत्यक्षात तेरा, पण ते तेरा अगदी मनापासून. उरलेली पाकिटं मोज्यांच्या खणात.

९ जुलै, सकाळी ११.४०
तपासणी. डॉक्टरीणबाई भिंगातून बराच वेळ बघत राहिल्या. चट्टा आहे, थोडा पसरलाय. नियमित लावलं होतं का? मी हो म्हणायला तोंड उघडलं. हिने पर्समधून सतरा बंद पाकिटं काढून टेबलावर ठेवली.
आता कापायचंच.
बाहेर बाकावर ही म्हणाली, तुम्ही घाबरलात तर घाबरा. पण मला सांगा तरी. तीन महिने मी ती पाकिटं बघत एकटी घाबरतेय.
पाणी आणतो म्हणून उठलो. आणलंही.

१७ जुलै
ऑपरेशन झालं. बावीस मिनिटं, सहा टाके. भुलीच्या सुईनंतर काही कळलं नाही. सिस्टरांचा हात मात्र मी आधीपासूनच धरला होता. त्या म्हणाल्या, काका, हात सोडा, अजून तयारीच चाललीय.
बाहेर आल्यावर हिने विचारलं, भीती वाटली? वाटली म्हटलं.
पट्टीमुळे चष्मा नाकावर बसेना. गाडी हिने चालवली. घरापर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये. मी एक शब्द बोललो नाही.