सायब माझ्या उडवीत

जगन भावजींना वेणू वयनीचा आशीर्वाद.

तुमचा भाऊ गेल्यापासून तुमी माझ्यावर हुकूम सोडता. "वयनी, विमान धावायची गवताची पट्टी आखूड हाय. टोकाची तुमची पेंढ्याची उडवी हलवा, नायतर विमानवाला सायब तुमचं शेत काढून घेईल." मी नाय हलवली.

आज दवानं गवत ओलं होतं. विमान धावलं, पण उठलंच नाय, थेट माझ्या उडवीत शिरलं. उडवीच्या मागं खाडीच होती, ती नसती तर सायब पाण्यात! सायब पेंढ्यातून शिंकत निघाला नि सगळ्या पनवेलकरांसमोर बोलला, "बाई, शेत तुमचं. ही उडवी कोणी हलवायची नाही."

हे पत्र मी टपालाच्या पेटीत टाकणार नाय. रविवारी तुमच्या घरी करंज्याला येऊन तोंडानंच सांगेन, तुमचा चेहरा बघत बघत.

उडवीची मालकीण,
वेणू